डुकरांच्या शेडमधला मिथेन: विष्ठा पडल्यापासून शेतात जाईपर्यंत

गाय-म्हशीचा मिथेन तिच्या पोटातून येतो. रवंथ करताना ढेकरांबरोबर तो बाहेर पडतो आणि गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी थांबत नाही. डुकराचं तसं नाही. डुक्कर रवंथ करत नाही, त्याच्या पोटातून वर्षाकाठी जेमतेम एक-दीड किलो मिथेन निघतो. बाकीचा सगळा तयार होतो विष्ठा खाली पडल्यानंतर. ती आपण कुठे ठेवतो, किती पाण्यात ठेवतो आणि किती दिवस ठेवतो, यावर तो अवलंबून असतो. म्हणजे या बाबतीत वराहपालकाच्या हातात गोपालकापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि आपल्याकडे ही गोष्ट फार कमी सांगितली जाते.

हे सगळं मी छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातलं, भिलाईलगतचं जामुल डोळ्यासमोर ठेवून सांगतो आहे. १९६० च्या दशकात उभा राहिलेला सिमेंट कारखाना, नंदिनीकडे जाणारा रस्ता, औद्योगिक वसाहत आणि ती संपली की धानाची शेतं. अशा गावाच्या कडेला दहा-वीस डुकरं पाळायची म्हटलं तर जागा थोडी असते, शेजार जवळ असतो आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. गोंदिया-गडचिरोलीकडच्या वाचकांनाही हे चित्र ओळखीचं वाटेल, कारण ऊन तेच आणि पीकही तेच.

आधी मिथेन तयार कसा होतो ते पाहू. विष्ठेत न पचलेलं अन्न उरलेलं असतं. काही जंतू ते फोडून त्याची आम्लं बनवतात आणि दुसऱ्या प्रकारचे जंतू त्या आम्लांपासून मिथेन बनवतात. या दुसऱ्यांना मिथेनजन जंतू म्हणतात. त्यांना हवेतला प्राणवायू सोसत नाही. पाणी, ऊब आणि सवड मात्र भरपूर लागते. दहा अंशांच्या खाली ते जवळजवळ स्वस्थ बसतात, पस्तिशीच्या आसपास जोमात येतात. ऊन आपल्या हातात नाही. उरल्या तीन गोष्टी: हवा, पाणी आणि दिवस. पुढची प्रत्येक पायरी या तिघांपैकी एकाला तरी हात घालते.

फरक किती पडतो? हवामान बदलावर काम करणाऱ्या आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ च्या मार्गदर्शिकेत यासाठी आकडे दिले आहेत. आशियातल्या एका डुकराच्या वर्षभराच्या विष्ठेतून, सगळी परिस्थिती मिथेनला अनुकूल असेल तर, सुमारे २१ किलो मिथेन निघू शकतो. दुर्ग-भिलाईसारख्या उष्ण हवेत तीच विष्ठा पातळ करून महिनोन् महिने खड्ड्यात साठवली तर त्यातला सुमारे १६ किलो खरोखरच निघतो. खड्डा महिन्याच्या आत रिकामा होत असेल तर सहा-साडेसहा किलो. कोरडा ढीग केला तर एक किलो. रोजच्या रोज शेतात पसरली तर पाव किलोपेक्षाही कमी. डुक्कर तेच, खाद्य तेच. बदलते ती फक्त साठवण.

मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो आणि वीसच वर्षांचा धरला तर सुमारे ८० किलोइतकी. तोच मिथेन शेगडीत जाळला तर एका किलोचा पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो विषय तिथे संपतो. त्यामुळे आपल्यापुढे दोनच चांगले मार्ग आहेत. एक, मिथेन होऊच द्यायचा नाही. दुसरा, होऊ द्यायचा, पण बंद टाकीत, आणि पूर्ण जाळायचा. पाइपाने शेड धुऊन सगळं उघड्या खड्ड्यात सोडणं हा या दोन्हींच्या मधला प्रकार, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त दिसणारा.

सुरुवात खाद्यापासून करू या. जे पचत नाही तेच खाली जाऊन मिथेनचा कच्चा माल होतं. गव्हाणीतून सांडलेलं खाद्य तर न पचताच तिथे जातं, आणि ते विष्ठेपेक्षाही लवकर कुजतं. गव्हाण एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, खायच्या वेळा ठरवा आणि पुढच्या वेळेआधी खाली काय सांडलं आहे ते पाहा. तिथे रोज दोन मुठी सांडत असतील तर तो आपला पैसाही सांडतो आहे.

हॉटेल आणि मेसचं उरलेलं अन्न घालत असाल तर ते अर्धा तास खळखळ उकळल्याशिवाय घालू नका. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग भारतात २०२० मध्ये पहिल्यांदा सापडला. तो माणसाला होत नाही, पण त्यात डुकरं झपाट्याने मरतात आणि त्याच्या प्रसाराची एक मोठी वाट उष्ट्या अन्नातून जाते. उकळायला इंधन लागतं, हे खरं. ते कुठून आणायचं याकडे पुढे येऊ.

आता फरशी. डुकराला घाणेरडं म्हणतात ते चुकीचं आहे. मोकळीक मिळाली तर ते झोपायची, खायची आणि विष्ठेची जागा वेगवेगळी ठेवतं. विष्ठेसाठी ते बहुतेक ओला, गार, खाण्या-झोपण्यापासून लांबचा कोपरा निवडतं. त्याची ही सवय आपल्याला फुकट मदत करते. कोपरा पक्का झाला की सगळा माल एकाच जागी मिळतो आणि उचलायला पाच मिनिटं लागतात.

ही सवय मोडते ती उन्हाळ्यात. डुकराला माणसासारखा घाम येत नाही. अंग ओलं करून गार होणं हाच त्याचा उपाय, आणि दुसरं पाणी नसेल तर ते मूत्रात आणि विष्ठेत लोळतं. मग शेडभर लगदा पसरतो, आपण वैतागून पाइप लावतो आणि दिवसाला शेकडो लिटर पाणी खड्ड्यात जातं. म्हणजे खड्ड्यातल्या मिथेनची सुरुवात बऱ्याचदा छपराच्या पत्र्यापासून होते. पत्र्यावर तणस अंथरा किंवा चुना मारा, पश्चिमेला हिरव्या जाळीची सावली करा आणि दुपारी ११ ते ४ मध्ये दोन-तीनदा डुकरांच्या अंगावर थोडं थोडं पाणी शिंपडा. ते विष्ठेच्या कोपऱ्याच्या बाजूलाच शिंपडा म्हणजे झोपायची जागा कोरडी राहते. पिल्लं नव्या खणात आणताना त्या कोपऱ्यात आधीच थोडी ओली विष्ठा टाकून ठेवली तर ती जागा लवकर शिकतात.

फरशीला उतार दर मीटरला अडीच-तीन सेंटीमीटर असावा, विष्ठेच्या कोपऱ्याकडे. कमी असेल तर मूत्र साचतं, फार असेल तर गाभण मादी घसरते. उताराच्या टोकाला मूत्रासाठी उथळ नाली काढा, विष्ठा उचलायची जागा वेगळी ठेवा. मूत्र आणि विष्ठा एकत्र झाली की अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात आणि पिल्लांना खोकला लागतो. दोन्ही जितक्या लवकर वेगळी होतील तितकं बरं. सिमेंटच्या फरशीला खड्डे पडले असतील तर ते आधी बुजवा. त्या खळग्यांत रोज राहणारा थर हा मिथेनजन जंतूंचं घर असतो.

सफाईचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी फावडं, मग खराटा, सगळ्यात शेवटी पाणी. सकाळी आणि संध्याकाळी घट्ट विष्ठा कोरडीच ओढून घमेल्यात भरा. उरलेली फरशी बादलीभर पाण्यात निघते. पाइप हातात असला की पाण्याच्या जोराने विष्ठा ढकलायचा मोह होतो आणि तिथेच घोटाळा होतो: हाताने उचलता येणारा माल दोन मिनिटांत स्लरी बनून जातो. स्लरी म्हणजे विष्ठा, मूत्र आणि धुण्याचं पाणी यांचं पातळ मिश्रण. एकदा पातळ झालेलं पुन्हा घट्ट करायला पैसे पडतात. पिण्याच्या पाण्याचे नळ गळत असतील तर त्यांचंही पाणी खड्ड्यातच जातं, तेवढं आठवड्यातून एकदा तपासा.

शेडला आधीपासूनच खड्डा असेल तर? तो रिकामा करायची पाळी ठरवून घ्या. डेन्मार्क हा डुकरांचा देश. तिथे विष्ठा जाळीच्या फरशीखालच्या खड्ड्यात पडते, आणि २०२३ पासून मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या डुकरांच्या शेडमधून ती दर आठवड्याला बाहेर काढणं बंधनकारक झालं आहे. ताज्या विष्ठेत मिथेनजन जंतू थोडेच असतात, त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो. आठवड्यात खड्डा रिकामा झाला तर त्यांना ती संधीच मिळत नाही.

पण खड्डा पूर्ण रिकामा करा. वरचं पातळ पाणी काढून तळातला काळा गाळ तसाच ठेवायची पद्धत सर्रास दिसते. त्या गाळात मिथेनजन जंतूंची फौज तयार बसलेली असते. त्यावर ताजी विष्ठा पडली की दुसऱ्याच दिवसापासून काम सुरू होतं. खड्ड्याच्या पृष्ठभागाकडे दोन मिनिटं नीट पाहिलं तर कळतं: साय धरल्यासारखा तपकिरी थर, त्याला तडे, आणि तड्यांमधून थांबून थांबून वर येणारे बुडबुडे. बुडबुडे दिसत असतील तर आपला खड्डा मिथेन सोडतो आहे. हे ओळखायला यंत्र लागत नाही. शिवाय साचलेल्या पाण्यात क्युलेक्स डास वाढतात, आणि जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांच्या शरीरात वाढून याच डासांमार्फत माणसांपर्यंत येतो. वस्तीजवळ खड्डा उघडा ठेवू नये याला एवढं कारणही पुरे आहे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. खड्ड्यात किंवा टाकीत कोणीही उतरू नये, कोणत्याही कारणाने. साचलेली स्लरी ढवळली की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू एकदम सुटतो. सडक्या अंड्यांचा वास येतो तो याचाच. प्रमाण वाढलं की तो आधी वास घ्यायची शक्तीच मारतो, म्हणून वास थांबला म्हणजे धोका टळला असं समजू नका. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो तळाशी बसतो. आत पडलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्या मागे तिसरा, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात. उपसणी बाहेरून पंपाने, वारा वाहता असताना, शेड रिकामी करून, दोन माणसांनी मिळून करावी. आसपास विडी-काडी नको. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन मिसळला की तो पेट घेतो.

आता दोन फाटे फुटतात. डुकरं दहाच्या आत असतील, पाण्याची टंचाई असेल किंवा गॅस वापरायला जवळ चूल नसेल तर कोरडी वाट बरी. पंधरा-वीस डुकरं असतील, घर शेडला लागून असेल आणि रोज अर्धा तास देणारं माणूस असेल तर गोबरगॅसची वाट. दोन्ही एकत्रही चालतात: काही विष्ठा प्लांटमध्ये, उरलेली ढिगावर.

कोरड्या वाटेला दुर्गसारखा जिल्हा सोयीचा आहे, कारण इथे तणस आणि तूस कमी पडत नाही. तणसाला छत्तीसगडीत पैरा म्हणतात. डुकराच्या विष्ठेत नत्र जास्त आणि कर्ब कमी असतो, तणसात उलट. तणस बोट-दोन बोटं कापून विष्ठेबरोबर थर द्या: वीतभर तणस, चार बोटं विष्ठा, पुन्हा तणस. ढीग कमरेइतका उंच करा. त्याहून उंच झाला तर खालचा भाग दबतो, हवा जात नाही आणि आतच मिथेन सुरू होतो.

ओलावा हाताने तपासा. ढिगातलं मूठभर आत खोलवरून काढून दाबा. पिळून काढलेल्या फडक्याइतकं ओलं लागलं आणि बोटांतून थेंब गळले नाहीत तर ठीक. थेंब गळले तर तणस वाढवा, भुगा झाला तर थोडं मूत्राचं पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांत ढीग आतून हाताला सोसणार नाही इतका तापला पाहिजे. साठ अंशांच्या आसपासची ही उष्णता कृमींची अंडी आणि रोगजंतू मारते. डुकरांच्या विष्ठेच्या बाबतीत हे टाळून चालत नाही. कच्ची विष्ठा पालेभाजीला कधीच घालू नये.

पहिला महिना दर आठवड्याला ढीग उलटा, पुढे पंधरा दिवसांनी. रोज उलटणंही बरोबर नाही. त्याने नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि नायट्रस ऑक्साइड नावाचा दुसरा वायू वाढू शकतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक आहे. मिथेन वाचवताना हा पाहुणा घरात यायला नको. पावसाळ्यात ढिगावर छप्पर हवंच. जुलैच्या एका झडीत उघडा ढीग चिंब होतो आणि मग तो ढीग न राहता वर काढलेला खड्डा होतो.

शेडमध्येच तूस आणि लाकडाच्या भुशाचा जाड थर घालून डुकरं ठेवायची पद्धतही आहे. तिला खोल गादी म्हणतात. मेघालयात उमियमला भारतीय कृषी संशोधन परिषदेचं जे केंद्र आहे, त्याने ईशान्येच्या थंड डोंगराळ भागासाठी ती सुचवली. आपल्याकडे हिवाळ्यात ती छान चालते, पिल्लांना ऊब मिळते. मे महिन्यात मात्र तीच गादी डुकरांना खालून भाजते. शिवाय गादी ओली होऊन दबली तर तिच्यातही मिथेन होतो; महिन्याहून जास्त दिवस ठेवलेल्या गादीचा मिथेन आयपीसीसीच्या हिशेबात साठवणीच्या खड्ड्याइतकाच धरला जातो. आठवड्यातून दोनदा ती खालीवर करायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आता गोबरगॅस. विष्ठेपासून जळणारा वायू काढण्याची आपली परंपरा जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच अशा वायूवर दिवे लावल्याची नोंद आहे. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टोपीचा प्लांट देशभर नेला आणि १९८४ मध्ये विटांच्या पक्क्या घुमटाचा स्वस्त दीनबंधू प्लांट आला. मला यात सर्वांत जवळचं वाटतं ते देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांचं काम. त्यांनी गावातल्या संडासांना गोबरगॅस जोडला. ज्या मैल्याचं नाव काढायला लोक तयार नव्हते, त्यावर घरची चूल पेटवून दाखवली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. डुकरांच्या विष्ठेलाही तशीच शिसारी चिकटलेली आहे. पण चुलीपर्यंत येतो तो वायू, आणि ज्योत गाईच्या शेणाच्या गॅसची असते तशीच निळी.

आकार ठरवताना मोठ्या मनाने ठरवू नका. वाढलेलं डुक्कर दिवसाला साधारण दोन किलो विष्ठा टाकतं. वीस डुकरांची ४० किलो, तीत दीडपट पाणी, म्हणजे रोज शंभर लिटर स्लरी. मध्य भारताच्या हवेत ती टाकीत चाळीस दिवस राहिली पाहिजे. म्हणजे टाकीत चार हजार लिटर मावले पाहिजेत. एवढ्यातून रोज दोन-सव्वादोन घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे जवळपास एक किलो एलपीजीचं काम. १४.२ किलोचा सिलिंडर पंधरवड्याला एक वाचला असं समजा. हॉटेलचं अन्न उकळायचं इंधन ते हेच.

प्लांट सुरू करताना पहिली भर डुकरांच्या विष्ठेची घालू नका. गाई-म्हशीच्या ताज्या शेणात मिथेनजन जंतू भरपूर असतात, त्याची स्लरी भरा. चालू प्लांटमधली दोन-चार बादल्या स्लरी मिळाली तर विरजणाचं काम होतं. मात्र दुसऱ्याच्या शेडमधली डुकरांची विष्ठा यासाठी कधीही आणू नका, रोग त्याच बादलीतून येतो. पहिला गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, तो पेटत नाही. तो सोडून द्या. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत ज्योत धरते, डिसेंबरात जास्त वेळ लागतो. ज्योत टिकली की डुकरांची विष्ठा रोज थोडी थोडी वाढवत महिन्याभरात पूर्ण मापावर या.

घाई केली तर टाकी आंबते. आम्लं करणारे जंतू वेगात वाढतात, मिथेनजन मागे पडतात, आंबट वास येतो, गॅस भरतो पण पेटत नाही. तसं झालं तर भर पाच-सहा दिवस बंद करा आणि थोडं शेण घाला. पीएच पट्टीवर सामू ६.८ ते ७.५ च्या दरम्यान परत आला की पुन्हा सुरू करा. उलट विष्ठा फार घट्ट गेली तर अमोनिया वाढून जंतू मंदावतात. पाण्याचं प्रमाण पाळायचं ते यासाठी.

चांगले प्लांट मरतात ते बहुतेक फिनाइलमुळे. शेड निर्जंतुक करायची, ते पाणी नालीतून थेट टाकीत, आणि आठ दिवसांत गॅस बंद. नालीला टाकीकडची आणि बाहेरची अशा दोन वाटा ठेवा, औषध टाकलं त्या दिवशी टाकीची वाट बंद करा. आजारी डुकरांना प्रतिजैविक चालू असेल तर त्यांची विष्ठाही तेवढे दिवस ढिगावर टाका. वाळूही टाकीत जाऊ देऊ नका, ती तळाशी बसून टाकीची जागा खाते.

डुकरांच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड जास्त असतो, त्याने शेगडीची पितळी तोंडं काळी पडून झिजतात. पाइपात मध्ये एक डबा बसवून त्यात गंजलेला लोखंडी बुरादा भरा, तो सल्फाइड धरून ठेवतो. भिलाईत लेथचा बुरादा मिळायला अडचण नाही. काही महिन्यांनी तो काळा पडला की बदला. पाइपाच्या सगळ्यांत खालच्या वळणावर पाणी काढायची तोटी हवी, नाहीतर साचलेल्या पाण्यामुळे ज्योत भकभकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्लांट गळत असेल तर आपण उघड्या खड्ड्यापेक्षा फार चांगलं काही केलेलं नाही. उलट, जो मिथेन हळूहळू झाला असता तो आता नीट सोय करून बनवतो आहोत आणि हवेत सोडतो आहोत. दर महिन्याला सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहा. घुमट तपासायला रात्री तोटी बंद करा आणि दाब दाखवणाऱ्या पाण्याच्या नळीवर खूण करा. नळीतलं पाणी सकाळी त्या खुणेखाली उतरलं असेल तर कुठेतरी चीर आहे. घुमटाला चीर पडली की गवंड्याला बोलावून दुरुस्ती करावीच लागते, त्यात चालढकल नको.

गॅस उरला तरी तो सोडू नका. लग्नाकार्याला चार दिवस घर बंद असेल तर तेवढे दिवस भर थांबवा आणि घमेली ढिगाकडे वळवा. शेजारच्या घराला एक जोडणी दिली तर वासाच्या तक्रारीही कमी होतात, हा माझा ठाम विश्वास आहे.

टाकीतून बाहेर येणारी स्लरी अजून पूर्ण विझलेली नसते. ती उघड्या हौदात साठली तर उरलेला मिथेन तिथे सुटतो. शक्यतो ती रोज तणसाच्या ढिगावर ओता. तिने ढीग ओला होतो, तणस लवकर कुजतं आणि साठवणीचा प्रश्नच उरत नाही.

शेवटची पायरी शेताची, आणि धानाच्या मुलखात ती नीट समजून घ्यायला हवी. पाणी भरलेली बांधी हीसुद्धा मिथेनजन जंतूंची जागा आहे. कच्ची विष्ठा रोवणीच्या तोंडावर बांधीत टाकली तर शेडमध्ये वाचवलेला मिथेन शेतात तयार होतो. आयपीसीसीच्या त्याच मार्गदर्शिकेत रोवणीच्या महिन्याभरात गाडलेल्या ताज्या तणसाचा परिणाम १ धरला, तर तेवढ्याच वजनाच्या शेणखताचा ०.१४ आणि चांगल्या कंपोस्टचा ०.०५ येतो. म्हणून बांधीत जाईल ते पूर्ण कुजलेलं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत, आणि तेही पाणी भरण्याआधी. गॅस प्लांटची पातळ स्लरी रब्बीच्या हरभऱ्याला पेरणीआधी किंवा बांधावरच्या फळझाडांना द्या आणि लगेच मातीत मिसळा.

पैशाचं पाहायचं तर राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाच्या उद्योगाला भांडवलाच्या ५० टक्के अनुदान आहे, १०० माद्या आणि १० नर अशा मोठ्या केंद्राला ३० लाख रुपयांपर्यंत. दहा-वीस डुकरांच्या घराला त्याचा उपयोग थोडाच. त्यांच्यासाठी केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमातलं लहान गोबरगॅस प्लांटचं अनुदान जवळचं. छत्तीसगडमध्ये त्याची चौकशी क्रेडा या राज्याच्या अक्षय ऊर्जा संस्थेकडे करावी. जनावरांच्या प्रश्नांसाठी दुर्गजवळ अंजोऱ्याला कामधेनू विश्वविद्यालयाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. छत्तीसगड सरकारने २० जुलै २०२० ला, हरेली सणाच्या दिवशी, गोधन न्याय योजनेत शेण दोन रुपये किलोने विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हाही ती खरेदी गाई-म्हशींच्या शेणाची होती. डुकरांच्या विष्ठेला गिऱ्हाईक मिळालं नाही. तिची किंमत वराहपालकालाच वसूल करायची आहे, गॅसमधून आणि खतातून.

अनुदानाचा अर्ज करायच्या आधी पंधरा दिवस एक वही ठेवा: रोज किती घमेली विष्ठा निघाली, त्यातल्या एकाचं वजन किती, धुवायला किती बादल्या पाणी लागलं, घरात सिलिंडर किती दिवस चालतो. याच चार आकड्यांवर प्लांटचा आकार ठरतो. आणि मंजुरी हातात येईपर्यंत खणायला सुरुवात करू नका, कारण आधीच बांधलेल्या प्लांटला अनुदान मिळवताना फार त्रास होतो.